क्रॅटमच्या मागे धावणारे कायदे

अमेरिकेत हायवेवरच्या पेट्रोल पंपाला जोडलेलं छोटं दुकान असतं. गल्ल्याजवळ लायटर, च्युइंगगम, लॉटरीची तिकिटं. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांच्या शेजारी आणखी एक माल येऊन बसला आहे. हिरव्या भुकटीची पाकिटं, कॅप्सूलच्या बाटल्या, दोन घोटांत संपणाऱ्या रंगीत कुप्या आणि अलीकडे खडीसाखरेएवढ्या गोळ्या. सगळ्यांवर नाव एकच, क्रॅटम. यातलं एखादं पाकीट म्हणजे निव्वळ वाळलेल्या पानांचं पीठ असतं, तर त्याच फळीवरची एखादी गोळी मॉर्फिनच्या जातीची असते. विकणाऱ्या पोराला फरक ठाऊक नसतो आणि घेणाऱ्याला बहुधा सांगितलेला नसतो.

हा फरक कायद्याला कळतो का, हा या लेखाचा विषय. अमेरिकेतल्या राज्यांनी क्रॅटमचं काय करायचं यावर गेल्या दशकभरात जो गोंधळ घातला, त्यातून औषध, अन्न आणि नशा यांच्या सीमारेषांबद्दल पुष्कळ शिकता येतं.

आधी झाडाची ओळख. क्रॅटम म्हणजे मिट्राजिना स्पेसिओसा. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया या पट्ट्यातल्या दमट, पाणथळ जंगलात वाढणारं उंच झाड. कुळ कॉफीचं. आपल्याकडच्या जंगलातला कळंब, म्हणजे मिट्राजिना पार्विफोलिया, हा त्याचा सख्खा भाऊ आणि कदंब चुलत घराण्यातला. फुलांचे गोल गोंडे पाहिले की नातं चटकन लक्षात येतं. मात्र कोणी उठून कळंबाची पानं चघळू नयेत. क्रॅटमला ज्या द्रव्यानं नाव मिळवून दिलं ते मिट्राजिनिन स्पेसिओसाच्या पानाची खासियत आहे.

दक्षिण थायलंडात रबराच्या मळ्यांत आणि भातशेतीत राबणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या हे पान खात आले. ताजं पान घ्यायचं, मधली शीर ओढून काढायची, उरलेलं चघळायचं. थोडं खाल्लं तर उन्हात काम करायला हुशारी येते, जास्त खाल्लं तर अंग जड होतं, दुखणं विसरतं. पाहुण्यापुढे तंबाखूची चंची सरकवावी तसं ते पान पुढे करण्याची रीत होती. 1943 साली थायलंडनं त्यावर बंदी घातली. कारण आरोग्याचं नव्हतं, निदान फक्त आरोग्याचं तरी नव्हतं. अफूच्या व्यापारावर सरकार कर घेत असे. अफू महाग झाली की लोक फुकटच्या झाडाकडे वळत आणि तिजोरीत खड्डा पडे. बंदी अठ्ठ्याहत्तर वर्षं टिकली. ऑगस्ट 2021 मध्ये थायलंडनं क्रॅटम अमली पदार्थांच्या यादीतून काढलं, त्यापायी तुरुंगात पडलेल्या हजारो लोकांना सोडलं आणि पुढच्याच वर्षी क्रॅटमसाठी वेगळा कायदा केला. अठरा वर्षांखालच्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना विकायचं नाही, शाळा-कॉलेजांत विकायचं नाही, यंत्रातून विकायचं नाही. पान खायला मोकळीक, विकण्यावर लगाम, अशी ती मांडणी.

थायलंडला हे तुलनेनं सोपं गेलं, कारण तिथे क्रॅटम म्हणजे पान. अमेरिकेत पोचेपर्यंत ते पान राहिलेलं नव्हतं.

इंडोनेशियाच्या पश्चिम कालिमांतान प्रांतात, कापुआस नदीच्या वरच्या खोऱ्यात, शेतकरी पानं तोडतात, वाळवतात, दळतात. पोत्यांतून ती भुकटी पोंतियानाक बंदरात येते आणि तिथून जहाजानं अमेरिकेला जाते. तिथे ती घेणाऱ्यांत बरेचजण जुनाट पाठदुखीनं बेजार असतात. कोणी डॉक्टरनं लिहून दिलेल्या ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या, गोळ्यांच्या विळख्यातून सुटायला धडपडत असतो. कोणाला दारू सोडायची असते, कोणाला नुसतीच किक हवी असते. सरकारी पाहणीच्या अंदाजानुसार 2021 साली बारा वर्षांवरच्या सुमारे 17 लाख अमेरिकनांनी क्रॅटम घेतलं होतं. विक्रेते याहून कितीतरी मोठे आकडे सांगतात. त्यांनी ते सांगणं साहजिकच आहे.

रसायन थोडक्यात सांगतो. मिट्राजिनिन मेंदूतल्या ज्या ठिकाणी अफू, मॉर्फिन बसतात त्याच ठिकाणी बसतं, पण अर्धवट. त्यामुळे श्वास मंदावण्याचा धोका मॉर्फिनपेक्षा कमी दिसतो. कमी म्हणजे शून्य नव्हे. रोज घेतलं तर सवय लागते, सोडताना अंगदुखी, झोप उडणं, चिडचिड सगळं होतं. इतर औषधं पचवणाऱ्या यकृतातल्या काही विकरांना ते अडवतं, म्हणून दुसरी औषधं चालू असलेल्या माणसाच्या अंगात त्या औषधांचं प्रमाण नकळत चढू शकतं. पानात आणखी एक भावंड लेशमात्र असतं, 7-हायड्रॉक्सिमिट्राजिनिन. बाजारात त्याला 7-ओएच म्हणतात. मिट्राजिनिन पोटात गेल्यावर यकृत त्याच्यापैकी थोड्याचं 7-ओएच करतं. हे भावंड मात्र चांगलंच जोरकस आहे, प्राण्यांवरच्या प्रयोगांत मॉर्फिनहूनही. पुढची सगळी भानगड या भावंडाची आहे.

केंद्रीय पातळीवर अमेरिकेचं काय झालं? काहीच झालं नाही, आणि हेच महत्त्वाचं. तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं, म्हणणं पहिल्यापासून ठाम आहे. क्रॅटम मान्यताप्राप्त औषध नाही, पूरक आहार म्हणूनही ते विकता येत नाही. 1994 च्या कायद्यानुसार त्या वर्षाच्या ऑक्टोबरनंतर बाजारात आलेल्या नव्या घटकाची सुरक्षितता विक्रेत्यानं आधी एफडीएपुढे मांडायची असते, आणि क्रॅटमच्या बाबतीत एफडीएचं समाधान झालेलं नाही. 2012 पासून बंदरांवर माल अडवण्याच्या सूचना आहेत. पण अडवणार किती? दुकानदारांनी पाकिटांवर 'मानवी सेवनासाठी नाही', 'साबण बनवण्यासाठी', 'वनस्पती-नमुना' अशी लेबलं चिकटवली आणि धंदा चालू ठेवला. साबणासाठीच्या भुकटीच्या कॅप्सूल कशाला, असं विचारणारं कोणी नव्हतं.

ऑगस्ट 2016 च्या अखेरीस अमली पदार्थविरोधी खात्यानं, म्हणजे डीईएनं, जाहीर केलं की मिट्राजिनिन आणि 7-ओएच दोन्ही हेरॉइनच्या रांगेत, पहिल्या अनुसूचीत, तातडीनं टाकणार. मग जे झालं ते त्या खात्याच्या इतिहासात क्वचितच घडलं असेल. व्हाइट हाउसबाहेर माणसं जमली, एक लाखाहून अधिक सह्यांचं निवेदन गेलं, दोन्ही पक्षांच्या खासदारांनी पत्र लिहिलं. ऑक्टोबरात डीईएनं अधिसूचना मागे घेतली. दोन वर्षांनी आरोग्य खात्यानंही बंदीची आपली शिफारस परत घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं 2021 मध्ये पुरावा तपासला आणि आंतरराष्ट्रीय नियंत्रणासाठी तो पुरेसा नाही, लक्ष ठेवा, इतकंच सांगितलं. तेव्हा देशभर लागू होणारी बंदी नाही आणि देशभर लागू होणारा नियमही नाही. क्रॅटम बेकायदा नव्हतं आणि कायदेशीरही नव्हतं. अशा पोकळीत राज्यं शिरली.

याच सुमाराला एक प्रकरण घडलं, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. 2018 च्या सुरुवातीला वेगवेगळ्या राज्यांत साल्मोनेलाचे रुग्ण दिसू लागले. जुलाब, ताप, पोटात कळा. तपासनिसांनी खाण्यापिण्याची चौकशी केली तेव्हा कोंबडी नाही, अंडी नाही, क्रॅटम निघालं. शेवटी आकडा 41 राज्यांत 199 रुग्णांवर गेला. सुदैवानं कोणी दगावलं नाही. याचं कारण फार गूढ नाही. पान उघड्यावर वाळतं, जमिनीजवळ, जिथे कोंबड्या फिरतात, पक्षी उडतात. थायलंडातला माणूस ते ताजं चघळतो किंवा उकळून पितो. अमेरिकेतला माणूस कच्ची भुकटी चमचाभर तोंडात टाकतो आणि वर पाणी पितो, कारण चव कडूजहर असते. मधली जंतू मारणारी पायरीच गळून पडली. एफडीएनं कंपन्यांना माल परत मागवायला सांगितलं, पण लास वेगासच्या एका कंपनीनं दाद दिली नाही. एप्रिल 2018 मध्ये एफडीएनं तिला सक्तीनं माल मागे घ्यायला लावलं. अन्नसुरक्षेचा हा अधिकार एफडीएला 2011 पासून होता. तो प्रथम वापरला गेला तो दुधावर नाही, मांसावर नाही, क्रॅटमवर. पुढच्या वर्षी तीसेक नमुन्यांत शिसं आणि निकेल सापडल्याचंही एफडीएनं जाहीर केलं. रोज चमचा-चमचा घेणाऱ्याच्या दृष्टीनं हा हिशेब जंतूंपेक्षा वाईट, कारण शिसं अंगात साठतं.

मला या प्रकरणात एक गोष्ट खटकते. क्रॅटम नशा आणतं की नाही यावर दहा वर्षं वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक भुकटी स्वच्छ आहे का, या साध्या प्रश्नाकडे वळायला तयार नव्हते. बंदीवाल्यांना तो प्रश्न क्षुल्लक वाटे, कारण त्यांना मालच नको होता. विक्रेत्यांना तो नकोसा वाटे, कारण तपासणीला पैसे लागतात.

आता राज्यं. काहींनी सरळ बंदी घातली. इंडियाना, विस्कॉन्सिन, अलाबामा, आर्कान्सा, व्हरमॉन्ट, ऱ्होड आयलंड. यातली इंडियानाची गंमत ऐकण्यासारखी आहे. तिथे मिट्राजिनिनचं नाव कायद्यातल्या 'कृत्रिम अमली पदार्थां'च्या व्याख्येत घुसवलं गेलं. झाडाच्या पानातला रस कृत्रिम ठरला. कायदा करणाऱ्यांना त्या वेळी प्रयोगशाळेत बनलेल्या नकली गांजाची काळजी होती, त्या यादीत क्रॅटमही उरकून टाकलं. शेजारच्या इलिनॉयमध्ये मात्र तेच पाकीट अठरा वर्षांवरच्या कोणालाही मिळे. त्याच इलिनॉयमधल्या ऑल्टनसारख्या काही शहरांनी आपापल्या हद्दीत वेगळी बंदी लावली. म्हणजे एका हायवेवर गाडी चालवताना तुमच्या डिकीतली बाटली तासाभरात कायदेशीर, गुन्हा, पुन्हा कायदेशीर होऊ शकते. शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी, ट्रकवर काम करणाऱ्या पंजाबी-मराठी मंडळींनी हे नकाशे पाठ करून ठेवावेत अशी अपेक्षा कोणी करू नये, पण पकडलं तर 'ठाऊक नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

दुसरी वाट यूटानं काढली. 2019 मध्ये यूटानं क्रॅटम ग्राहक संरक्षण कायदा केला, देशातला पहिला. त्याच वर्षी जॉर्जिया, ॲरिझोना आणि नेवाडा आले. मग टेक्सस, फ्लोरिडा, व्हर्जिनिया असे एकेक करत. यूटा हे मॉर्मन पंथाचं राज्य. श्रद्धावान तिथे कॉफीसुद्धा पीत नाहीत. अशा राज्यानं बंदीऐवजी नियमन निवडलं, यात व्यावहारिकपणा दिसतो. कायद्याचा गाभा असा. उत्पादन राज्याच्या कृषी आणि अन्न खात्याकडे नोंदवा. प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. भेसळ नको. अठरा वर्षांखाली विक्री नको. लेबलवर घटक आणि मात्रा लिहा. आणि मालातल्या एकूण अल्कलॉइडपैकी, म्हणजे मिट्राजिनिनसारख्या द्रव्यांपैकी, 7-ओएच दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको.

हा कायद्याचा साचा अमेरिकन क्रॅटम असोसिएशन या विक्रेते-ग्राहकांच्या संघटनेनं राज्याराज्यांत पोचवला. उद्योगानं स्वतःवरचा कायदा स्वतः लिहून द्यावा, यात संशयाला जागा आहेच. पण तसं पाहिलं तर संघटनेलाही एका गोष्टीची भीती होती. एखाद्या भुरट्या विक्रेत्यानं भुकटीत फेंटानिलसारखं जहाल ओपिऑइड घातलं आणि माणसं मेली, तर बंदी सगळ्यांवर येणार. म्हणून सभ्य विक्रेत्यांना भुरट्यांपासून वेगळं करणारी चौकट त्यांना हवी होती. स्वार्थातून आलेला नियमही कधीकधी चांगला निघतो. हा पुष्कळसा चांगला निघाला. त्याला एक भोक राहिलं, एवढंच.

ते भोक पाहायला थोडं गणित करू. वाळलेल्या पानात मिट्राजिनिन साधारण एक ते दोन टक्के असतं. समजा एक ग्रॅम भुकटीत सगळी अल्कलॉइड मिळून 20 मिलिग्रॅम आहेत. त्याचे दोन टक्के म्हणजे 0.4 मिलिग्रॅम 7-ओएच. म्हणजे पाच ग्रॅम भुकटी घेणाऱ्याच्या पोटात कायद्याच्या टोकापर्यंत गेलं तरी दोन मिलिग्रॅम 7-ओएच जाईल. आता बाजारात आलेल्या गोळीकडे या. तिच्यावर 7-ओएच 20 मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. एवढं 7-ओएच पानातून मिळवायचं तर पन्नास ग्रॅम भुकटी खावी लागेल, चहाचे वीसेक चमचे. पोट ते ठेवणारच नाही, ओकून टाकेल. पानाचा कडवटपणा आणि पोटाची सहनशक्ती हीच आजवरची सुरक्षा होती, आणि गोळीनं तीच काढून घेतली.

अशी गोळी दोन टक्क्यांच्या नियमात अर्थातच बसत नाही. पण दोन टक्क्यांचा नियम हा गुणोत्तराचा आहे, एकूण मात्रेचा नाही. एखाद्या कुपीत अर्क करून 300 मिलिग्रॅम अल्कलॉइड भरली, तर त्यात सहा मिलिग्रॅम 7-ओएच बिनदिक्कत चालेल. पंधरा ग्रॅम भुकटी एका घोटात, आणि कायदा समाधानी. पुढे काही राज्यांनी एका वेळच्या मात्रेत किती मिलिग्रॅम हे ठरवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ते भोक बुजू लागलं. माझ्या मते मुळात हाच एक आकडा कायद्यात आधी यायला हवा होता. टक्केवारीनं माल शुद्ध आहे का हे कळतं. माणूस मरतो की जगतो हे मिलिग्रॅमवर ठरतं.

7-ओएचच्या गोळ्या साधारण 2023 नंतर धडाक्यात आल्या. पानातून मिट्राजिनिन काढायचं, रासायनिक प्रक्रियेनं त्याचं ऑक्सिडीकरण करायचं की झालं 7-ओएच. पानात जे लेशमात्र असतं ते असं हवं तेवढं बनवता येतं. विक्रेते लेबलवर 'नैसर्गिक' लिहायला मोकळे, कारण सुरुवात पानापासूनच झाली. कायद्यात 'कृत्रिम अल्कलॉइड नको' असं कलम होतं. पण पानातून काढलेलं आणि मग बदललेलं द्रव्य कृत्रिम की नैसर्गिक, यावर वकिलांना वर्षानुवर्षं पोट भरता येईल.

आपल्याकडच्या वाचकाला हे अनोळखी वाटू नये. आपल्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाच्या झाडाचा चीक, म्हणजे चरस, आणि फुलोरा, म्हणजे गांजा, दोन्ही गुन्हा. नुसतं पान, म्हणजे भांग, व्याख्येतून बाहेर आणि राज्यांच्या अखत्यारीत. एकाच झाडाचे तीन भाग आणि त्यांना तीन न्याय. हे विसंगत वाटतं, पण त्यामागचा विचार अगदी जुना आणि शहाणा आहे. नशेचा कायदा झाडावर नसतो, सांद्रतेवर असतो. अमेरिकेतल्या राज्यांनी क्रॅटमच्या बाबतीत तो विचार बराच उशिरा केला.

29 जुलै 2025 ला एफडीएनं 7-ओएच सांद्र स्वरूपात अमली पदार्थांच्या यादीत टाकण्याची शिफारस केली आणि आवर्जून सांगितलं की आमचा रोख पानाकडे नाही. त्याच्या नऊ वर्षं आधी डीईएनं दोन्ही द्रव्यं एका दावणीला बांधायचा घाट घातला होता, हे आठवलं तर केवढा फरक पडला ते कळतं. ऑगस्टमध्ये फ्लोरिडाच्या महाधिवक्त्यांनी तातडीचा नियम काढून सांद्र 7-ओएच राज्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकलं. पानाची भुकटी तिथे एकवीस वर्षांवरच्यांना मिळत राहिली. आणि इथे संघटनेचं राजकारण उघडं पडलं. अमेरिकन क्रॅटम असोसिएशननं 7-ओएचविरोधी पावलाचं स्वागत केलं. 7-ओएच विकणाऱ्यांची वेगळी संघटना निघाली, तिनं विरोध केला. पानवाले विरुद्ध गोळीवाले. कालपर्यंत दोघे मिळून 'नैसर्गिक उपाय वाचवा' म्हणत होते.

त्याच ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून लुइझियानानं मात्र पान, भुकटी, गोळी सगळ्यावर बंदी घातली. म्हणजे मेक्सिकोच्या आखाताकाठच्या राज्यांनी एकाच महिन्यात एकाच वस्तूबद्दल वेगवेगळे निर्णय घेतले. बंदी उठवण्याची उलटी चालही दिसते. ऱ्होड आयलंडनं जुनी बंदी सोडून परवान्यांची व्यवस्था स्वीकारली.

माणसं किती मरतात, हा प्रश्न शेवटी येतोच. त्याचं उत्तर कोणाच्याच सोयीचं नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं जुलै 2016 ते डिसेंबर 2017 या काळातले काही राज्यांतले अतिमात्रेचे 27,338 मृत्यू तपासले. त्यात 152 जणांच्या अंगात क्रॅटम सापडलं. 91 जणांच्या बाबतीत ते मृत्यूचं एक कारण मानलं गेलं. फक्त क्रॅटम आणि दुसरं काही नाही, असे सात. बहुतेकांच्या अंगात फेंटानिल, हेरॉइन किंवा झोपेच्या गोळ्याही होत्या. समर्थक म्हणतात, बघा, सातच. विरोधक म्हणतात, बघा, एक्क्याण्णव. खरी अडचण अशी की मृतदेहात मिट्राजिनिन किती असलं म्हणजे घातक, याची पक्की रेघ वैद्यकाकडे नाही. शिवाय त्या माणसानं कुठली भुकटी, किती तीव्रतेची घेतली हेही कळत नाही, कारण पाकिटावर ते लिहिलेलंच नसतं. मोजमाप न ठेवणारा बाजार आपला पुरावाही नष्ट करत असतो.

फ्लोरिडात 2023 साली एका केंद्रीय न्यायाधीशानं क्रॅटम घेतल्यानं मेलेल्या एका बाईच्या कुटुंबाला विक्रेत्याकडून 1 कोटी 10 लाख डॉलर देण्याचा आदेश दिला. राज्यांचे दंड पाहिले तर त्यापुढे ते चिल्लर वाटतात. खटल्याची ही भीती काही विक्रेत्यांना निरीक्षकापेक्षा जास्त वचकून ठेवते. पण ती फक्त ज्यांच्याकडे गमावण्यासारखं काही आहे त्यांना. नाव बदलून पुढच्या महिन्यात नवं संकेतस्थळ काढणाऱ्याला तिची फिकीर नसते.

आता पाकिटावरच्या त्या लेबलकडे. चांगल्या राज्यातल्या चांगल्या पाकिटावर बॅच क्रमांक असतो, एका मात्रेतलं मिट्राजिनिन मिलिग्रॅममध्ये असतं, 7-ओएच वेगळं लिहिलेलं असतं, चौकोनी कोड असतो. तो फोननं टिपला की प्रयोगशाळेचा अहवाल उघडतो. त्यात साल्मोनेला, ई. कोलाय, शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा अशा ओळी. अहवालावरची बॅच पाकिटावरच्या बॅचशी जुळते का, एवढं एक पाहिलं तरी निम्मी भामटेगिरी पकडता येते, कारण पुष्कळ विक्रेते एकच सुरेख अहवाल वर्षभर सगळ्या बॅचना लावतात. आणि अहवाल खरा असला तरी प्रयोगशाळा विक्रेत्यानं निवडलेली असते, पैसे त्यानंच दिलेले असतात. नापास करणाऱ्या प्रयोगशाळेकडे तो पुढच्या वेळी जात नाही. यावर उपाय एकच. राज्यानं अधूनमधून स्वतः दुकानातून पाकीट उचलून स्वतः तपासावं. बहुतेक कायद्यांत यासाठी पैशाची तरतूद नाममात्र आहे किंवा नाहीच.

बंदीचं काय, असं कोणी विचारेल. महाराष्ट्रानं जुलै 2012 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा बंद केला आणि तेव्हापासून ती अधिसूचना दरवर्षी नव्यानं निघते. त्यानंतर टपरीवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी जोडी मिळू लागली. गिऱ्हाईक हातावर दोन्ही ओतून गुटखा स्वतःच करून घेई. शेजारच्या राज्यांतून ट्रक येतच राहिले. बंदी निरर्थक होती असं मी म्हणत नाही. गुटख्याची उघड जाहिरात गेली, किंमत चढली, हे थोडं नाही. पण बंदीनं वस्तू गेली नाही, फक्त पुडीवरचं नाव बदललं. अमेरिकेत 7-ओएच जिथे बंद झालं तिथे काही महिन्यांतच मिट्राजिनिन स्यूडोइंडॉक्सिल नावाचं आणखी एक नातलग गोळ्यांत दिसू लागलं. यादीत एक नाव घातलं की बाजार दुसरं नाव काढतो. म्हणून नव्या कायद्यांत आता एकेका द्रव्याऐवजी पानातून रासायनिक बदल करून बनवलेलं काहीही, अशी व्याख्या येऊ लागली आहे.

कापुआसच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला या वादातलं फारसं काही कळत नसणार. पण त्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोचतात. वॉशिंग्टनमध्ये बंदीची नुसती घोषणा झाली तरी पोंतियानाकच्या व्यापाऱ्यांच्या छातीत धडकी भरते, कारण माल जवळपास सगळा तिकडेच जातो. इंडोनेशियाच्या सरकारनंही बराच काळ बंदी की निर्यात यात चालढकल केली आणि शेवटी 2024 मध्ये व्यापार खात्यानं क्रॅटमच्या निर्यातीचे नियम काढले. कच्चं पान तसंच पाठवायचं नाही, प्रक्रिया केलेला, तपासलेला माल पाठवायचा. साल्मोनेलाचा जंतू जिथे पोत्यात शिरतो तिथेच त्याला अडवायची ही सोय. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांच्या पन्नास कायद्यांपेक्षा वाळवण्याची जागा फरशीची आहे की मातीची, यावर तिथल्या ग्राहकाचं पोट जास्त अवलंबून आहे.